सुंद्राअक्काची साक्ष

मंडळी, ऐका! एक विचारतो, उत्तर मनातच ठेवा. उभ्या जन्मात खोटं न बोललेला माणूस खोटी साक्ष देईल का? काय काकू, मान हलली तुमची! नाही देणार? मग चला सुंद्राअक्काच्या दारी!

डोंगराच्या पोटाशी गाव. गावात देवीचा तांदळा, म्हणजे शेंदूर माखलेला पाषाण! त्यावर चांदीचे डोळे, सोन्याची नथ. दर जत्रेआधी शिवा गुरव डोळे आणि नथ उतरवून कोनाड्यात ठेवायचा, तेलात खललेला शेंदूर चढवायचा. थरावर थर! खालचा दगड कसा होता, कुणाला आठवतंय?

अशाच एका जत्रेआधी बोंब झाली — कोनाड्यात डोळे आहेत, नथ नाही!

देवळासमोरच अक्काचं घर. विधवा बाई, पण सचोटी अशी की दुधात पाणी घातलं तरी गिऱ्हाइकाला सांगून घालेल! हसा, हसा. पुढं हसायला मिळायचं नाही.

रंगराव पंचांनी विचारलं, "अक्का, काल दिवेलागणीला देवळातून कोण गेलं?"

"भुरभुर पाऊस होता. कुणीतरी घोंगडं पांघरून गेलं. एवढंच."

एवढंच! इथं सोडलं असतं तर! पण सोडतो कोण?

"पाय ओढत होता का गं?"

आता गावात पाय ओढणारा एकच — म्हादू गोंधळी! जत्रेत संबळ वाजवणारा, दर भाऊबीजेला अक्काच्या पाटावर बसणारा म्हादू.

अक्का म्हणाली, "जरा ओढत असंल..."

मग पाणवठ्यावर बायकांनी विचारलं. अक्का म्हणाली, "पाय ओढत होता." पाहिलंत? 'असंल' गळालं! मग गिरणीत सांगितलं, मग मळ्यात. दर वेळी एकेक थर चढला. घोंगडं काळं झालं. घोंगड्याखाली नाक आलं, मिशी आली. आणि एका सकाळी चुलीपुढं बसली असताना तिला लख्ख दिसलं — म्हादूचं तोंड! बिचारी ढसाढसा रडली हो. "माझ्या भावानं असं करावं?"

सांगा, खोटं बोलत होती ती?

देवळात पंच बसले. भंडारा हातात घेऊन जे बोलाल ते शेवटचं, असा गावचा रिवाज. म्हादूनं हात जोडले. "अक्का, मी त्या वक्ती घरात संबळ आवळत होतो. नीट आठव गं!"

"आठवलं म्हादू. लई आठवलं."

आणि तिनं भंडारा उचलला!

संपलं! म्हादूचं संबळ काढून घेतलं. त्याला कुणी दारात उभं करीना. बाजारगावी हमाली करत करत तिथल्या धर्मशाळेत मेला तो. खांदा द्यायला गावातून कुणी गेलं नाही. अक्काही नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी तांदळ्याचं शेंदराचं कवच आपोआप सुटलं. सुटतं असं कधीतरी. शिवा गुरव तुकडे गोळा करत होता, आणि एका तुकड्यात काहीतरी चमकलं. नथ!

शिवानं तो तुकडा पंचांपुढं धरला. "डोळे काढले, तेवढ्यात कुणीतरी हाक मारली. नथ तशीच राहिली... दर साली काढतो, म्हणून वाटलं, काढलीच! तिच्यावरच शेंदूर चढवला! आणि घोंगडं घेऊन बाहेर पडलो तो मीच की!"

"मग बोलला का नाहीस?" पंच ओरडले.

"मला कुणी विचारलंच नाही. चोर माझ्या मागनं आला असंल, असंच धरून बसलो."

रोज देवळात जाणारा-येणारा गुरव! त्याच्याकडे बघतंय कोण?

अक्का उंबऱ्यात उभी होती. तिनं डोळे मिटले, मिटूनच राहिली. मग म्हणाली, "शिवा, तूच होतास, कळलं मला. पण डोळे मिटले की अजून म्हादूच दिसतोय रे! जात नाही तो!"

मरेपर्यंत गेला नाही, मंडळी. मरेपर्यंत!

आता तुम्ही सांगा. मघाशी मी अक्कानं भंडारा उचलल्याचं सांगत होतो, तेव्हा तुमच्यातला एक माणूस त्या खांबाजवळून उठून गेला. त्याची टोपी काळी की पांढरी? बोला! 'काळी'? तिकडून 'पांढरी'? नक्की ना? भंडारा देऊ हातात?

मंडळी — कुणीच उठलं नव्हतं.

घरी जाताना कुणाचं नाव तोंडात येईल, तेव्हा एवढं ध्यानात ठेवा. चला, आईचा उदो म्हणू. पण नुसत्या तोंडानं. संबळ वाजवायचं ज्यानं, त्याला आपणच घालवलंय.