तीन उड्या

ऐका मंडळी! आज एकच सवाल घेऊन उभा आहे. एखादा आपल्याला फसवतोय, आपल्याला ते कळतंय — आणि कळूनही आपण फसवून घेतलं, तर पाप कुणाच्या माथी? घाई नको. खांबाला टेकलेले काका, तुम्ही तर मुळीच बोलू नका! आधी वामनाचं ऐका.

हा वामन भोयर नागपूरचा. सव्वासहा फूट उंच — दार दिसलं की आपसूक नम्र! बारा वर्षं एका खात्याच्या संघातून बास्केटबॉल खेळला. त्या संघात एक रीत होती. गुडघा दुखावलेल्या खेळाडूनं सामन्याआधी त्याच पायावर तीन उड्या मारायच्या, आणि सहायक प्रशिक्षकानं समोर बसून त्याचं तोंड बघायचं. तोंड वाकडं झालं — बाकावर बस. सरळ राहिलं — खेळ!

मग दुखरा गुडघा घेऊन वामन बारा वर्षं कसा टिकला? उडी मारताना हसायचा! गाल आतून दाताखाली धरायचा, वरून हसायचा. एकदा बाकावर बसलं की आपली जागा दुसऱ्याची झाली, हे त्याला पक्कं ठाऊक. शेवटी गुडघ्यानंच हात टेकले. जिना चढायला कठडा लागू लागला. तेव्हा खात्यानं त्याला काय केलं? सहायक प्रशिक्षक! आता तोंडं बघायची पाळी त्याची.

सात वर्षं बघितली. मुख्य प्रशिक्षक देशकर सर निवृत्तीला आले. खात्याच्या साहेबांनी वामनाला सांगून ठेवलं, की यंदा चषक आणा, सरांची खुर्ची तुमची. आणि अंतिम सामन्याच्या सकाळी संघातला सगळ्यात चांगला गडी, अंकुश धोटे, सुजलेला गुडघा घेऊन पुढ्यात उभा!

एक उडी. दुसरी. तिसरी. आणि अंकुश हसत होता.

मंडळी, ते हसू वामनाला ओळखू येणार नाही? त्याच्या गालात आतून अजून गाठ आहे त्या हसण्याची! जीभ आपोआप त्या गाठीवर गेली. दारातून सरांनी विचारलं, "काय वामनराव?"

"चालेल, सर."

चालला — तिसऱ्या क्वार्टरपर्यंत. मग उडी घेऊन खाली आला, तो गुडघा एकीकडे आणि पाय एकीकडे. चषक आला हो! बाकीच्यांनी आणला.

वामन दवाखान्यात गेला, तोवर डॉक्टर सांगून गेले होते, की आता खेळणं संपलं. अंकुशनं त्याचा हात धरला. "दादा, माफ करा. सकाळी मी तुम्हाला फसवलं."

आता वामनानं काय म्हणावं? 'मला कळलं होतं' — बस, एवढंच! ओठांपर्यंत आलंही असेल. आपण चांगलंच धरून चालू.

वामन म्हणाला, "असू दे."

माफ केलं! त्यानं — अंकुशला — माफ केलं!

खुर्ची मिळाली. आता तो नव्या सहायकाला सांगतो, खेळाडूचं तोंड नीट बघ. आणि कुणी हसत उडी मारली, की स्वतः पाणी प्यायला बाहेर जातो.

हसताय? तुम्ही कधी उड्या बघायला बसलाच नाहीत? तापानं फणफणलेली सून चुलीपाशी हसून म्हणाली, "बरी आहे मी." आपल्याला भूक लागली होती. आपण म्हणालो, "बरं." ती पडली, तेव्हा वर तिलाच म्हणालो — सांगायचं नाहीस होय?

सवालाचं उत्तर मला नको. घरी जा, तिच्या समोर बसा, आणि वामनाच्या ओठांत राहिलेलं वाक्य तेवढं बोलून या. तोवर हे टाळ मी खाली ठेवतो. नाम त्यानंतर.