बाय-टू कॉफीतला माझा घोट

...अर्धी! तुम्हाला सांगते, अर्धी! लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, बेचाळीस वर्षं दर रविवारी सकाळी आम्ही दोघं मल्लेश्वरमच्या भट्टांच्या टिफिन रूममध्ये जातो, इडली खातो, वडा खातो, खाली दोसा, म्हणजे भाजीशिवायचा साधा, तोही खातो, आणि सगळं खाऊन झालं की आमचे हे हात वर करून ओरडतात, "अनंतय्या, कॉफी बाय-टू!" म्हणजे काय, तर एक भरलेला पेला आणि एक रिकामा पेला. घ्या वाटून! अहो, दोन मागवा ना, कोण नको म्हणतंय? तर म्हणे, "अख्खी कॉफी एकटी माणसं पितात, पुट्टलक्ष्मी." झालं! उभ्या जन्मात एक अख्खी कॉफी नाही हो!

आणि हे म्हणजे कोण? नंजुंडय्या! घड्याळाच्या कारखान्यात बत्तीस वर्षं काढलेले. केसाएवढे स्क्रू, तिळाएवढी चाकं, डोळ्याला भिंग लावून बसवायचे. मुंगीच्या पायात पैंजण घालायला सांगितले असते तर घातले असते यांनी. डोळ्यांचा गर्व, दुसरं काय! म्हणून तर दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदू उतरायला लागला, तेव्हा चूक कुणाची? दिव्याची! मग पेपरवाल्याची, शाई फिकी वापरतो म्हणून. मग माझी. मीठ म्हणून आमटीत साखर यांनी घालायची आणि डबे जागेवर ठेवत नाही म्हणून बोलणी कुणी खायची? मी!

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "आजोबा, पिकलाय आता. आणखी थांबलात तर माझ्याही हातात काही राहणार नाही. गुरुवारी या." शनिवारी जेवताना हे एकदम म्हणाले, "मला सगळं दिसतं. उद्या हॉटेलात बघ. एक चूक झाली तर गुरुवारी येतो. नाही झाली तर घरात डोळ्याचं नाव काढायचं नाही."

म्हटलं, "आणि मी जिंकले तर माझी अख्खी कॉफी."

"दिली."

तर तो रविवार. गर्दी म्हणजे... भट्टांकडे रविवारी कशी असते तुम्हाला ठाऊक आहे. चिठ्ठी नाही, नंबर नाही, खाणाऱ्याच्या खुर्चीमागे जाऊन उभं राहायचं, पाठीवर हात ठेवून. खुर्चीच्या पाठीवर हो, माणसाच्या नाही! तो शेवटचा घास तोंडात घालून ढुंगण उचलतो न उचलतो, की आपण खाली. आम्ही पण तसेच उभे राहिलो, तसेच बसलो, समोरासमोर. आणि हे तर असे चालले, असे बसले, की मला घाम फुटला! तीन पायऱ्या मोजून चढले. गल्ल्यावरच्या धाकट्या भट्टांना खोकल्यावरून ओळखून नमस्कार केला. चटणीची वाटी वासावरून ओढली. म्हटलं, संपलं, हरले मी, आंधळा झाला माझा नवरा!

आणि मग यांनी फळा वाचला.

हे सांगायलाच हवं तुम्हाला. मला अक्षर येत नाही. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच रविवारी मी या हॉटेलात मान खाली घालून बसले होते, काय मागायचं ते कळेना, भिंतीवरच्या फळ्यावर नुसत्या मुंग्या. तर यांनी विचारलं नाही की तुला वाचता येतं का, येत नाही का. नुसतं मोठ्यानं वाचायला लागले, स्वतःलाच वाचून दाखवतोय असं. "इडली... वडा... खाली दोसा... खाराभात... केसरीभात..." तेव्हापासून दर रविवारी. बेचाळीस वर्षांत फळ्यावरचं एक अक्षर बदललं नाही, मला झोपेत पाठ आहे, तरी हे वाचणार आणि मी ऐकणार.

त्या दिवशी पण यांनी मान वर केली, भिंतीकडे बघितलं आणि सुरू, "इडली... वडा... खाली दोसा..."

अहो, भिंत कोरी होती! फळा रंगवायला नेला होता. नुसते दोन खिळे!

जिंकले होते ना मी? तिथंच जिंकले होते! म्हणायचं एवढंच होतं, अहो, तिथं काही नाहीये. पण तोंडच उघडेना. ज्या माणसानं माझी लाज झाकली, त्याला मी अंगठेबहाद्दर बाई सांगू, की वाचायला काही नाहीये म्हणून? केसरीभातापर्यंत सगळं ऐकलं, आणि म्हटलं, "मला इडली-वडा."

खाऊन झालं. यांनी कॉफी सांगितली, बाय-टूच, आणि हात धुवायला गेले, "एकटा जाणार" म्हणून. गेले ते गेले. तिथली फरशी ओली असते हो! राहवेना म्हणून उठले, दोन पावलं, फक्त दोन पावलं टाकून वाकून बघितलं...

आणि तीच चूक! भट्टांकडे उठायचं नसतं! उठला तो संपला! मागे वळते तर माझ्या खुर्चीत एक बाई. पिकलेले केस, हिरवी साडी माझ्यासारखी, माझ्यासारखीच नाकात चमकी, मांडीवर पिशवी ठेवून ऐसपैस! आणि समोर, दुसऱ्या बाजूनं फिरून आलेले, टेबल चाचपून बसलेले आमचे हे!

अनंतय्या कॉफी ठेवून पळाला होता. हे त्या बाईला म्हणाले, "ओत गं."

बाईनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मी गर्दीत अडकलेली, तिथूनच हात जोडले, तोंडावर बोट ठेवलं, नवऱ्याकडे बोट दाखवलं, स्वतःच्या डोळ्यांकडे दाखवलं. काय समजायचं ते ती समजली. शाळेची मास्तरीण होती म्हणे, सरोजा टीचर, नंतर कळलं. तिनं ओतली. मास्तरणीसारखीच, बरोब्बर निम्मी.

यांनी पेला उचलला आणि थबकले. "आज पेला जड कसा? दर वेळी एक घोट कमी असतो. तुला बरं नाही का गं?"

अगं बाई! तुमच्यापासून काय लपवायचं... दोन वर्षं ओतायचं काम माझ्याकडे आहे, आणि दोन वर्षं मी माझ्यात एक घोट जास्त घेते. दिसत तर नाही, म्हटलं! आणि या माणसाला हाताला कळत होतं! कळत होतं आणि बोलला नाही!

"ऐक," हे म्हणाले, आवाज खाली आणून, तरी दोन पावलांवर मला ऐकू आलंच. "दिसत नाही मला. फळा पण पाठ म्हणून दाखवला. तू आज मध्येच एकदा श्वास रोखलास, तेव्हाच कळलं, काहीतरी चुकलंय. बोलली नाहीस. पण मला भीती वाटते गं. थोरल्या भावाचं ऑपरेशन झालं आणि होता तो उजेडही गेला. आत्ता निदान तुझ्या नाकातली चमकी दिसते. एवढ्या धुक्यात तेवढी एक दिसते. तिच्या मागे मागे चालतो मी. ती पण गेली तर कुठं जाऊ?"

सरोजा टीचरनं डोळ्याला पदर लावला. आणि कॉफी पण पिऊन टाकली! माझी!

मग मात्र मी लोकांना ढकलत गेले. "अहो," म्हटलं, "मी इकडे आहे."

यांनी मान माझ्याकडे केली. मग समोर केली. मग पुन्हा माझ्याकडे. दोन चमक्या! "मग ही कोण?"

"मी सरोजा," ती बाई म्हणाली. "कॉफी छान होती. ऑपरेशन करून घ्या. माझे दोन्ही डोळे झालेत, तुम्ही किती घाबरलाय ते मला स्वच्छ दिसतंय."

मी म्हटलं, "हरलात!"

"कसा हरलो?" हे उसळलेच. "टेबल बरोबर! खुर्ची बरोबर! बायकोच बदलली, त्याला मी काय करू?"

सगळं हॉटेल हसायला लागलं. खुर्च्यांमागे उभे असलेले लोक निवाडा करायला लागले, कुणी म्हणे आजोबा बरोबर, कुणी म्हणे आजींनी खुर्ची सोडली, त्यांचीच चूक. शेवटी अनंतय्या खरकट्या ताटल्यांचा डोलारा घेऊन आला. "सार," म्हणाला, "टेबल मी पण ओळखतो. अम्मांना ओळखायला डोळे लागतात. गुरुवारी जा."

यांनी पेला खाली ठेवला. मग रिकाम्या भिंतीकडे बघत म्हणाले, "किती वाजता बोलावलंय?"

आणि अनंतय्यानं माझ्यापुढे ठेवली... अख्खी! फेसाळलेली, काठोकाठ, एकटीची! उभ्या जन्मातली पहिली! प्यायले हो, कशी नाही पिणार. पण निम्म्यावर आले आणि हात आपोआप पेला समोर सरकवून मोकळा. सवय मेली! यांनी पण न विचारता संपवली.

गुरुवारी ऑपरेशन टेबलापर्यंत माझा हात धरून होते. पट्टी सुटली तेव्हा माझ्याकडे बघून पहिलं काय बोलले सांगू? "केस कधी पिकले गं तुझे? कुणी सांगितलं नाही मला." बास, एवढंच. मग नर्सच्या हातातलं घड्याळ चार मिनिटं मागे आहे म्हणून तिला सांगितलं.

परवाच्या रविवारी पुन्हा गेलो. फळा नवा, पिवळ्या अक्षरांचा. यांनी वाचला, इडलीपासून केसरीभातापर्यंत, एकेक अक्षर थांबून थांबून, आणि मी ऐकलं. मग तेच, "अनंतय्या, कॉफी बाय-टू!" मी ओतली, सवयीनं. तर हे खाली वाकले, टेबलाला गाल लावला, एक डोळा मिटला, भिंग लावून चाक बसवायचे ना, अगदी तसेच, आणि दोन्ही पेल्यांकडे बघून म्हणाले,

"पुट्टलक्ष्मी, तुझ्यात एक घोट जास्त आहे."

आता सांगा! देवाला नवस मी बोलले, डॉक्टरीणबाईंच्या पाया मी पडले, उठले-बसले मी... यांना दिसायला लागलं, आणि गेला कुणाचा? माझा घोट!