काकांच्या नाकावरचा हिरवा डाग

...आणि वर मलाच म्हणतात, डाग तू मुद्दाम पाडलास! अहो, मुद्दाम? मला मुद्दाम साधा सरळ फोटो काढता येत नाही, मी मुद्दाम डाग कुठून पाडणार? तोही हिरवा? तोही चौदा माणसांतून नेमका काकांच्या नाकावर? एवढा नेम असता तर मी आयुष्यात कुठल्या कुठे गेलो असतो! तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं?

तुम्हाला सांगतो, सुरुवात आत्याने केली. आत्या म्हणजे बाबांची आणि काकांची थोरली बहीण. तिला ऐंशी वर्षं पूर्ण होणार, म्हणून जो तो विचारायला लागला, आत्या, तुला काय आणू? स्वेटर आणू? नवा रेडिओ आणू? आत्या म्हणाली, "मला एक फोटो हवाय. त्यात माझे दोघे भाऊ एकत्र हवेत. तिघंही धडधाकट आहोत तोवर."

झालं! आली का पंचाईत? कारण माझे बाबा आणि माझे काका गेली नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. कशावरून? शिडीवरून! आठ पायऱ्यांची, घडीची शिडी. बाबा म्हणतात ती काकांकडे आहे, काका म्हणतात मी कधीच परत केली, आणि शिडी कुठे आहे ते शिडीलाच ठाऊक. एका खोलीत बसले तरी दोघं आत्यामार्फत बोलतात. "ताई, त्याला सांग पंखा कमी कर." "ताई, त्याला सांग बटण त्याच्याच हाताशी आहे." आत्या बिचारी टेलिफोन एक्स्चेंज होऊन बसलेली!

मग प्रश्न आला, फोटो काढणार कोण? आणि माझी बायको, जिला मी काहीही केलेलं नव्हतं, ती पटकन म्हणाली, "ह्यांनी नवा कॅमेरा घेतलाय ना!"

घेतला होता, नाही कुठे म्हणतो? तीन आठवडे झाले होते. आणि दुकानदाराने निघताना मला अडवलं होतं. "साहेब, लेन्स तशीच उघडी नेणार? अहो, लेन्स म्हणजे डोळा! धूळ बसेल, चरा पडेल, कुणाचं बोट लागेल! काचेला संरक्षण नको?" आता असं विचारल्यावर, नको, असं कोण म्हणेल? मी फिल्टर घेतला. फिल्टर म्हणजे काय, तर लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायची एक गोल काच. घरी आलो, बसवला आणि बघत राहिलो... इतकी सुंदर काच, आणि तिच्यावर धूळ बसणार? दुसऱ्या दिवशी जाऊन आणखी एक फिल्टर आणला. पहिला लेन्सच्या संरक्षणासाठी, दुसरा पहिल्याच्या संरक्षणासाठी! तिसराही आणणार होतो, पण बायकोने माझ्याकडे नुसतं बघितलं. हे दोन्ही मी असे आवळून बसवले, असे आवळले, की धुळीच्या बापाची आत जायची टाप नव्हती. काळजी घेतली हो, यात माझं काय चुकलं?

बरं, फोटोचा दिवस उजाडला. आत्याच्याच इमारतीची गच्ची, पाच वाजताचं ऊन, खुर्च्यांची एक रांग आणि मागे उभे राहणाऱ्यांची एक रांग. मी कुठेतरी वाचलं होतं की सूर्य माणसांच्या मागे ठेवावा, म्हणजे केसांना छान सोनेरी कड येते. आता आमच्या घराण्यात केस किती जणांना आहेत हा वेगळा विषय! पण मी सगळ्यांना उन्हाकडे पाठ करून बसवलं. मधे आत्या, नवी साडी, हातात रुमाल. बाबा रांगेच्या डाव्या टोकाला. काका? उजव्या टोकाला, अर्थात. दोघांमध्ये इतकं अंतर की मला फोटोसाठी मागे सरकत सरकत पाण्याच्या टाकीला टेकावं लागलं.

काढला फोटो. स्क्रीनवर बघतो तर सगळे छान, आणि काकांच्या नाकावर हिरवागार गोळा! शेजारी एक फिकट, छोटा, त्याच्या पिल्लासारखा! मी लेन्स पुसली. परत काढला. गोळा तिथेच. मी काकूंना म्हटलं, "काकू, जरा काकांचं नाक पुसता?" काकूंनी पुसलं हो! पदराने, खसाखसा! परत काढला... गोळा तिथेच, आता नाक लाल आणि गोळा हिरवा.

काका उठले, येऊन स्क्रीनवर वाकले, आणि त्यांचा आवाज असा चढला, "हे कुणी शिकवलंय तुला? ताई, त्याला सांग, पोराकडून असले उद्योग करून घेऊ नकोस म्हणावं!" इकडून बाबा, "ताई, त्याला सांग, माणसाचा रंग कॅमेऱ्याला बरोबर दिसतो!" आत्या रुमालाची घडी उलगडतेय, परत घालतेय. मी म्हटलं थांबा, जागा बदलू. काका डावीकडे, बाबा उजवीकडे. काढला फोटो... गोळा बाबांच्या टकलावर! काका अख्ख्या गच्चीला ऐकू जाईल असं हसले. "आता कसा बरोबर बसला!" बाबा उठून जिन्याकडे चालायला लागले. आत्या म्हणाली, "राहू दे रे बाळा. नको मला फोटो." अगदी हळू म्हणाली. तुम्हाला सांगतो, माझ्या पोटात गोळाच आला. हिरवा नव्हे, खरा.

मी घाईघाईने दुकानदाराला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणतो, "सूर्य समोर आहे का?"

"आहे."

"फिल्टर लावलाय का?"

"दोन लावलेत."

पलीकडे त्याने कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "साहेब, ऊन त्या काचांमध्ये शिरतं आणि मागे-पुढे आपटत बसतं. तोच डाग. सूर्य वर डाव्या कोपऱ्यात असेल तर डाग खाली उजव्या कोपऱ्यात. फिल्टर काढा."

"मग तुम्ही विकलात कशाला?"

"संरक्षणासाठी."

"मग काढू कशाला?"

"फोटोसाठी!"

"म्हणजे संरक्षण हवं तर फोटो काढायचा नाही?"

"काढा हो, पण सूर्याकडे पाठ करून काढा! आणि हुड कुठाय? ते काळं, प्लास्टिकचं, लेन्सला झापड लावल्यासारखं असतं ते?"

ते मी पॅकिंग समजून फेकून दिलं होतं. कॅमेऱ्याबरोबर फुकट आलेली वस्तू कामाची असते असं कुणाला वाटेल? यात माझं काय चुकलं?

"मग हाताची सावली धरा लेन्सवर," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

जिन्याच्या दारात बाबा थांबले होते. बाबा गणिताचे मास्तर, निवृत्त झाले तरी खडूचा हात खाली येत नाही. तिथूनच म्हणाले, "अरे, साधं परावर्तन आहे! आठवीच्या पुस्तकात आहे!" आणि आले की परत! मी फिल्टर फिरवतोय, हलेना. बाबांनी फिरवला, हलेना. बायकोने रुमालात धरून फिरवला, हलेना. आणि काका... काकांची सगळी नोकरी वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून झाली. आवळलेलं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. पाच मिनिटं खुर्चीत चुळबुळले, मग राहवेना. आले. आत्याच्या औषधांच्या पुडक्याचा रबरबँड काढला, फिल्टरच्या कडेवर चढवला, आणि म्हणाले, "दादा, घट्ट धर."

ऐकलंत? नऊ वर्षं! मधे आत्या नाही, काही नाही, सरळ, "दादा, घट्ट धर."

बाबा कॅमेऱ्याकडेच बघत म्हणाले, "धरलंय. तू फिरव."

काकांनी फिरवलं. कर्रकन आवाज झाला. बाबा म्हणाले, "तुझ्या हातात अजून जोर आहे रे." काका म्हणाले, "तुझ्या पोराने आवळलंय की काय केलंय! गाडीचं चाक आहे का हे?" बाबा म्हणाले, "त्याला लहानपणापासून अक्कल नाही." काका म्हणाले, "मी तर तो चालायला लागला तेव्हाच म्हटलं होतं." आणि बघता बघता दोघं भाऊ एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, नऊ वर्षांचं साठलेलं सगळं बोलून घेत होते... माझ्याबद्दल! आत्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मीही गहिवरलो असतो हो, पण तेवढ्यात फिल्टर निसटले, दोन्ही, एकमेकांना चिकटलेले, गच्चीवरून गडगडत गेले आणि पन्हळीतून थेट खाली! खालून कुणीतरी ओरडलं, "कोण फेकतंय रे?"

ऊन उतरायला लागलेलं. मी ओरडलो, बसा, बसा! या वेळी दोघं आत्याच्या दोन बाजूंना बसले, चिकटून. मी एका हातात कॅमेरा धरला, दुसरा हात लेन्सच्या वर सावलीला धरला, आणि काका आत्याच्या पाठीमागून वाकून बाबांच्या कानात काहीतरी पुटपुटले, नक्की माझ्याबद्दलच, आणि आत्यासकट सगळे खदखदून हसले, आणि मी दाबलं!

एकही डाग नाही. बाबांचं टक्कल स्वच्छ, काकांचं नाक स्वच्छ, आत्या तर अशी हसतेय की पाहत राहावं. फक्त वरच्या डाव्या कोपऱ्यात माझी चार बोटं आली आहेत. मी म्हटलं, आणखी एक काढतो, पण सूर्य गेलेला आणि सगळे चहाला खाली गेलेले.

आत्याने तोच फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकेक माणूस दाखवते. हा माझा मधला भाऊ, हा धाकटा, ही माझी भावजय... आणि शेवटी त्या बोटांवर काठी टेकवून सांगते, "हा आमचा भाचा. पोरगा गुणी आहे, पण नखं वेळेवर कापत नाही."