पाहुण्यांचं पाणी

आमच्या बाबांशी कोणी मालवणीत दोन वाक्यं बोललं ना, की ते विरघळलेच म्हणून समज. भांडुपला आमच्या बिल्डिंगमध्ये दोन आठवडे नळाला गढूळ, वास मारणारं पाणी येत होतं. खालच्या मजल्यावरची दोन मुलं जुलाबांनी आडवी झाली, तेव्हा मी तक्रार केली. तर पाणी खात्याचे साहेब पाइप न बघताच थेट घरी, 'तक्रार निवारण झाले' असा कागद घेऊन. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून बाबांनी सही केली की तक्रार बंद. त्यात साहेब निघाले कणकवलीचे. बाबांनी लगेच पेन काढलं.

"बाबा, पाणी अजून तसंच आहे."

"तू गप रव. पावण्यांका आधी पाणी दी."

आम्ही प्यायला आणलेली विकतच्या पाण्याची बाटली तशीच ठेवून मी नळाचा ग्लास भरून आणला. साहेबांनी तो तोंडाशी नेला, वास घेतला आणि हळूच खाली ठेवला.

बाबा चिडले. "पावण्यांका असला पाणी देतत?"

"साहेबांच्या कागदावर स्वच्छ आहे की. साहेब, तुम्ही ग्लास संपवा, बाबा सही करतील."

साहेबांनी ग्लास आणखी लांब सरकवला. बाबांनी पेनाला टोपण लावलं.