मागचं पान

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात शेजारच्या बाईंनी माझं वर्तमानपत्र मागितलं. शब्दकोडं अर्धं राहिलं होतं, पण नाही म्हणायचा धीर मला झाला नाही. त्यांनी ते नवऱ्याच्या मांडीवर पसरलं. तो बस चालवायचा. अर्धांगवायू झाल्यापासून उजवा हात हलत नव्हता.

“वाचा मोठ्याने. माझा चष्मा घरी राहिलाय.”

“‘आता चालकाविना धावणार बस.’ झालं! चल घरी. हात बरा करून काय टाळ्या वाजवू?”

“अहो, तिला खड्डे कळतात का?”

“कॅमेरे असतात म्हणे. हा बघ फोटो. स्टिअरिंगवर कोणी नाही, नुसती भुताटकी!”

“आणि धावत येणाऱ्या म्हातारीसाठी थांबते का?”

“कशाला थांबेल? मी थांबायचो, तर लोक मलाच शिव्या घालायचे.”

“मागच्या पानावर असेल बघा काहीतरी.”

“हे घे. ‘थांब्यावरचं बटण दाबल्यास बस थांबेल.’ म्हणजे म्हातारीने आधी पळायचं, मग बटण शोधायचं? अक्कल गहाण टाकलीय यांनी! कोणीतरी जाऊन सांगायला हवं.”

“तुम्हीच सांगा की. पण आधी मला सांगा, पान कोणत्या हाताने उलटलंत?”

“...तू उलटलंस.”

“माझे दोन्ही हात पिशवीवर आहेत.”

त्याने खाली पाहिलं: डावा हात काठीवरच होता, पानाच्या कोपऱ्यावर होता तो उजवा.

“चला काका, तुमचा नंबर,” आतून हाक आली.

“थांबा हो जरा. अजून एक पान राहिलंय.”