नियमातून गळलेली काठी

उठू नका, बसून राहा. तुम्ही सगळे आलात. धारवाडहून आलात, हुबळीहून आलात, आणि आमचा निंगप्पा अळणावरकडच्या त्याच्या खेड्यातून पहिल्या बसने आला. वासुअण्णाची धाकटी बहीण म्हणून मी तुम्हा सगळ्यांची आभारी आहे.

मी तीस वर्षं वर्गात उभी राहून इंग्रजी शिकवलं. आज मात्र बोलताना शब्द थांबतात. दुःख आहेच. पण खरं सांगू? दुःखाने थांबत नाहीत. मला शिसारी आली आहे, आणि शोकसभेत शिसारी आलेल्या माणसाने बोलू नये अशी आपली रीत आहे. ती आज मोडते आहे. समजून घ्या.

आत्ताच अध्यक्षसाहेबांनी जाहीर केलं की आपल्या मासेमारी क्लबच्या वार्षिक स्पर्धेच्या करंडकाला यंदापासून वासुअण्णाचं नाव द्यायचं. स्पर्धा तीच, तळं तेच, नियम तेच. तुम्ही टाळ्या वाजवल्यात.

त्या टाळ्यांमुळे मला बोलायलाच हवं.

अण्णा कचेरीत कारकून होता, पण त्याला ओळखायचं तर रविवारी. गळ, काठी, दोरा. कोप्पीकर रोडवरच्या एका दुकानात तो तंगूस घ्यायला जायचा, म्हणजे मासे धरायचा तो नायलॉनचा दोरा, तेव्हा स्वतःची काठी बरोबर घेऊन जायचा. दोरा काठीला लावायचा, ओढायचा, वाकवायचा, पुन्हा ओढायचा. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली. दुकानदार एकदा म्हणाला, "अण्णा, दोरा घेताय का मुलगी बघताय?" अण्णा म्हणाला, "दोन्हीकडे जोड बघावी लागते. तुमची कुणी बघितली नाही वाटतं." दुकानदाराची बायको गल्ल्यावर बसली होती. तीच आधी हसली.

ही जोड म्हणजे काय, ते मला त्याने आमच्या व्हरांड्यात शिकवलं. म्हणाला, "शरू, तू मासा हो." मी म्हटलं, "अरे, मी पेपर तपासतेय." "मग पेपर तपासणारा मासा हो." माझ्या हातात दोऱ्याचं टोक दिलं. दुसरं टोक एका ताठ काठीला. "आता पळ." मी हिसका दिला. दोरा तटकन तुटला. मग तोच दोरा, तितकाच बारीक, एका लवचीक वेताच्या काठीला बांधला. मी हिसका दिला, काठी वाकली. मी ओढत राहिले, ती वाकत राहिली. दोरा तुटला नाही.

"बघितलंस? हिसका काठीने सोसायचा असतो. काठी सोसणारी नसेल तर दोरा जाड हवा. मरळ मासा कमळाच्या देठांत दडून बसतो, तिथे ताठ काठी आणि जाड विणलेला दोरा. उघड्या पाण्यात मऊ काठी आणि बारीक तंगूस. ताठ काठीवर बारीक दोरा कधी नाही."

"लावला तर काय होतं? मासा सुटतो, एवढंच ना?"

"सुटत नाही, शरू. गळ तोंडात घेऊन जातो."

हे मला माहीत होतं. पुढचं ऐकताना एवढं लक्षात ठेवा. मला माहीत होतं.

नव्वदच्या दशकात आपला क्लब निघाला. स्पर्धेचे नियम इंग्रजीत हवेत, असं ठरलं. अण्णाने मराठीत सांगायचं आणि मी इंग्रजी करून टाइप करायचं. त्याने सांगितलं: बारीक दोरा वापरेल त्याला जास्त गुण, पण काठी मऊ असेल तरच, ताठ काठी असेल तर दोरा जाड हवा, नाहीतर मासा बाद. तो बोलतो तसं, तीन-चार वाक्यांत, घोळून घोळून.

आम्हाला कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी सारांशलेखन घोटून घेतलं होतं. मजकूर एक-तृतीयांश करायचा. पुनरुक्ती दिसली की कापायची. मला त्यात नेहमी पहिला नंबर. अण्णाची वाक्यं मला पुनरुक्ती वाटली. मी कापली. कागदावर एकच ओळ राहिली: बारीक दोऱ्याला जास्त गुण. काठी मी काढून टाकली.

अण्णाने न वाचता सही केली. शरूने लिहिलंय म्हणजे ठीक असणार.

तुम्ही मात्र तो नियम नीट वाचलात. नातेवाइकांनी परदेशातून पाठवलेल्या ताठ कार्बनच्या काठ्या आणल्यात, कारण त्या लांब फेकतात आणि फोटोत चांगल्या दिसतात. त्यांवर केसासारखा दोरा लावलात, कारण गुण जास्त. दोरे तुटत राहिले, तुम्ही हसत राहिलात आणि नवे गळ बांधत राहिलात.

दुसऱ्या वर्षीच्या स्पर्धेनंतर आठवड्याने अण्णा मला तळ्यावर घेऊन गेला. निंगप्पाचं शेत काठालाच आहे. त्याने पंच्याने नाक बांधलं होतं. "नोड्री अक्कार," म्हणाला. बघा ताई, म्हणाला. मी बघितलं. तोंडात गळ आणि मागे हातभर दोरा घेऊन मासे कमळाच्या देठांत गुंतले होते. काही फुगलेले. एकाचा जबडा उघडा होता आणि त्यातून काहीतरी वळवळत होतं. एक अजून जिवंत होता. दोरा देठाला गुंडाळलेला, जागच्या जागी गोल फिरत होता. अण्णा कमरेइतक्या पाण्यात उतरला आणि दोरा कापला. निंगप्पा मला म्हणाला, "आमची म्हस हे पाणी पीत न्हाई अक्कार. तुमचे सायेब लोक हितं बसून डबा कसा खाऊन गेले हो?"

परतताना अण्णा एकदाच बोलला. "त्या कागदात काठीचं वाक्य नाहीये, शरू." मी म्हटलं, "बघते."

त्या वर्षीच्या वार्षिक सभेत तो उभा राहिला. तुमच्यातले बरेच जण तिथे होतात. मीही होते, दुसऱ्या रांगेत. तो म्हणाला, "नियम सांगताना माझी चूक झाली. काठीचं राहून गेलं. दुरुस्त करू या." माझी चूक, म्हणाला. तुमच्यापैकी कुणीतरी म्हणालं, "वासुअण्णांना वैराग्य आलं." कुणीतरी म्हणालं, "माशांसाठी दवाखाना काढा, अण्णा." आणि अध्यक्षसाहेब, तुम्ही म्हणालात की इतक्या सुंदर इंग्रजीत लिहिलेल्या नियमांना हात लावणं बरं नाही. माझ्याकडे बघून म्हणालात. मी हसले.

मला तुमची किळस येते, हे मी आज तोंडावर सांगते. पण आधी त्या हसण्याची येते. मी तिथे उभी राहून चार शब्द बोलले असते, चूक माझी आहे म्हटलं असतं, तर नियम त्याच दिवशी बदलला असता. माझ्या इंग्रजीचं कौतुक झालं होतं, म्हणून मी बसून राहिले.

अण्णाने क्लब सोडला. मला कधी बोल लावला नाही. दर वर्षी स्पर्धेनंतर तो आणि निंगप्पा तळ्यात उतरायचे आणि दोरे कापायचे. गुडघे गेले तेव्हा तो काठावर बसून नुसतं दाखवायचा: तिकडे एक आहे, निंगा, त्या देठापाशी. तुम्ही त्याला विक्षिप्त म्हणत होतात. आज थोर म्हणता आहात. दोन्ही वेळा नियम तोच आहे.

म्हणून मी आज हा कागद आणला आहे. अण्णाने सांगितलेला नियम, पूर्ण, मराठीत. काहीही कापलेलं नाही. अध्यक्षसाहेब, तुम्ही आणि समितीने यावर इथेच, सगळ्यांसमोर सह्या केल्यात, तर करंडकाला माझ्या भावाचं नाव खुशाल द्या. नाही केल्यात, तर ते नाव मी देणार नाही. त्याच्या नावाखाली त्या पाण्यात एकही दोरा तुटता कामा नये.

कागद टेबलावर ठेवते. पेन शेजारी आहे.

आता अण्णासाठी आपण उभे राहू. किती मिनिटं ते मी सांगणार नाही. सह्या होईपर्यंत आपण कुणी बसायचं नाही.