कप्पेवाली नाव

...आणि वरून लोक मलाच विचारून राह्यलेत, "रामप्रसादशेठ, नकाशा चुकीचा होता का हो?" अरे, नकाशा कशाला चुकीचा असंल? नकाशा बराबर होता! बिलकुल बराबर! कोण्या परदेशी माणसानं काढलेला, लाकडी नाव घरी कशी करायची, पार खिळ्यांच्या जागा दाखवलेल्या, पोरीनं इंटरनेटवरून शोधून दिला, मी झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून आणला आन् दुकानाच्या भिंतीवर चिकटवला... आता तुम्ही म्हणाल, जालन्यात मस्तगडला प्लायवूड विकणाऱ्या माणसाला नावेचं काय पडलंय? सांगतो ना. बसा तर!

माझे सासरे, तातेरावमामा, घनसावंगीच्या पुढं गोदावरीच्या काठाला राहतात. त्यांची धाकटी बहीण साळूआत्या बराबर समोरच्या काठावर दिलेली. इकडून तिच्या घराचे पत्रे दिसतात! दर भाऊबिजेला मामा नावेत बसून जायचे, ओवाळून घ्यायचे, नावेतच परत. मंग लांब कुठंतरी पूल झाला, नाववाला म्हातारा गेला, नाव कुजली. आता जीपनं वळसा घालून जातात. तर मागच्या दिवाळीत जेवता जेवता मामा म्हणले, "पाव्हणं, नावेनं गेलो की साळू काठावर उभी दिसायची. लांबूनच दिसायची. हळूहळू मोठी व्हायची. जीपनं गेलो की एकदम दारातच... मरायच्या आधी एकदा तसं जायचंय."

आता यावर माणसानं काय करावं? गप जेवावं! पण मी? तोंडात घास, तसाच बोलून गेल्तो, "मामा, पुढची भाऊबीज नावेतून. व्यापाऱ्याचा शब्द!" दैवशालानं, आमच्या मंडळींनी, तिथंच कोपर मारलं. कोपर लागून शब्द परत येतो का?

तर तुम्हाला सांगतो, नकाशा बराबर होता. पण त्यात फळी कशी, तर पापडासारखी पातळ! आमचा सर्जेराव मिस्तरी, सारा जन्म पलंग आन् दिवाण करण्यात गेलेला, तो म्हणला, "शेठ, ह्याच्यात मामाला बसवायचं? शिंकले तर खाली जातील!" मला पटलं. म्हणलं, जाड लाव. मंग जाड फळी उघडी दिसू राह्यली, तर तिच्यावर सनमायका. सागवानी डिझाइन! चमकायला लागली हो, नवरीसारखी!

मंग माझं ध्यान गेलं बाजूला. बसायच्या फळीखाली सगळी जागा रिकामी! आता मी सातवी शिकलेला माणूस, बाकीचं सगळं प्लायवूडनंच शिकवलं, आन् इतकी वर्षं गिऱ्हाईकाला एकच सांगत आलो, ताई, जागा वाया घालू नका. पलंगाखाली कप्पा, जिन्याखाली कप्पा, टीव्हीखाली कप्पा! वडीगोद्रीच्या एका पार्टीला तर मी देव्हाऱ्याखाली कप्पा काढून दिल्ता, त्यांनी त्याच्यात कांदे भरले, ती गोष्ट वेगळी...

सर्जेराव म्हणला, "कप्पा काढू का?"

म्हणलं, "काढ! आत्याचा फराळ काय डोक्यावर न्यायचा?"

"आतून उघडायचा का बाहेरून?"

"आतून मामाचे पाय आडवे येतील. बाहेरून कर."

बाहेरून! नावेला! बाहेरून!! पण त्या टायमाला दुकानात जो आला तो म्हणला, वा शेठ, काय डोकं चाललंय! एकटी दैवशाला कमरेवर हात ठेवून म्हणली, "अहो, नाव हाय का दिवाण?" मी म्हणलं, तुला यातलं काय कळतंय?

आता आम्ही एवढे बी येडे न्हाई. नकाशात एक रेघ होती, पाणी इथपर्यंत येईल म्हणून. कप्पे आम्ही त्या रेघेच्या वरच काढले. नकाशा बराबर होता हो! पण ती रेघ पापडाच्या नावेची होती, आन् आमची नाव उचलायला अख्खी गल्ली लागली!

"आधी मोती तलावात सोडून पाहा ना एकदा," असं बी दैवशाला म्हणली होती. मी काय म्हणलो? म्हणलो, "वापरलेला माल सासऱ्याला देऊ? पहिल्यांदा मामाच बसणार!" ...इज्जतीचा प्रश्न ना!

भाऊबिजेला टेम्पोत घालून नाव नेली. सारं गाव काठावर. मामा पांढरंशुभ्र धोतर, नवी टोपी, काखेत आत्याला द्यायची साडी. आन् समोरच्या काठावर एक लाल ठिपका उभा. साळूआत्या! सकाळपासून येऊन उभी होती म्हणे. मामानं कपाळावर आडवा हात धरून पाहिलं अन्... त्यांचं तोंड तुम्ही पाहायला पाहिजे होतं.

मामा बसले. तरंगली! तरंगली हो! लोकांनी टाळ्या वाजवल्या, कोणी म्हणलं, "शेठनी नाव काढलं!" मंग मी वल्हं घेऊन बसलो. आता गल्ल्यावर बसून बसून माझा जो आकार झालाय तो काही नकाशात नव्हता... खालून आवाज आला, गुडुप. मंग दुसऱ्या बाजूनं, गुडुप. कप्पे भरू राह्यले! एक कप्पा आपोआप उघडला, फराळाचा डबा कलंडला आन् आमच्या करंज्या रांगेनं समोरच्या काठाकडं निघाल्या. नाव जागेवरच, करंज्या चालल्या बहिणीला भेटायला!

मी जल्दी उतरलो. मामा म्हणले, "राहू द्या. मी एकटा जातो." वल्हं घेतलं. दोनदा मारलं, नाव गर्रकन फिरली आन् तोंड आमच्याकडंच! हातात जोर कुठून राहणार आता? मंग त्यांनी वल्हं ठेवून दिलं, मान वळवून तिकडं पाहत बसले. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. गावातला एक बी जण हसला नाही, सांगतो तुम्हाला. हसले असते तर बरं झालं असतं.

"मामा... जीप बोलवू का?"

मामानं धोतराचा भिजलेला सोगा पिळला. मंग म्हणले, "बोलवा."

नकाशा बराबर होता. सारखं तेच मनात येत होतं जीपमधी.

पुलाच्या मधोमध समोरून एक जीप आली, आन् तिच्यातून कोण ओरडून राह्यलं? साळूआत्या! भाऊ पाण्यात नुसताच बसलाय, हलंना डुलंना, हे पाहून म्हातारीचा जीव घाबरला, तशीच ताट घेऊन निघालेली. दोन्ही जीप तिथंच थांबल्या. मागं उसाच्या ट्रकांची लाइन. आत्यानं निरांजन पेटवलं, वाऱ्यानं विझलं. परत पेटवलं, परत विझलं. शेवटी विझलेल्या निरांजनानंच ओवाळलं तिनं.

मंग तिचं ध्यान धोतराकडं गेलं. "दादा, भिजला कसा रे?"

मामानं माझ्याकडं पाहिलं. भला माणूस हो! म्हणले, "पाव्हण्यांनी नाव केलीय माझ्यासाठी. लई चांगली झालीय."

ती भाबडी. म्हणली, "मंग जीपमधी कशाला आला?"

मी डायव्हरला म्हणलं, घे बाबा गाडी पुढं, मागं ट्रकवाले हॉर्न मारून राह्यलेत.